पालथी बशी

दर वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर लॉर्ना बर्चल चर्चच्या तळघरात टेबल मांडून बसायची. ओहायो नदीकाठच्या त्या गावात पूर्वी घरटी एक माणूस भांड्यांच्या कारखान्यात असे. आता कारखाना गेला, बशा राहिल्या. लोक त्या वर्तमानपत्रात गुंडाळून आणत आणि लॉर्ना त्या उलट्या करून, मागचा शिक्का पाहून, त्या कुणी केल्या आणि नक्षी कोणती ते सांगे. शिक्का पुसला असला तरी तिचं अडत नसे. अख्ख्या जिल्ह्याच्या बशा तिने उलट्या केल्या होत्या. फक्त घरच्या नाहीत. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. "माझ्या बशा पालथ्या घालायच्या नाहीत," हा तिच्या आईचा, थेल्माबाईंचा, जुना दंडक होता. धुणं-पुसणंही आईच करी. म्हातारीची खोड, म्हणून लॉर्नानेही तो पाळला.

त्या शनिवारी डेल्बर्ट हेन्सने खोकं आणून टेबलावर ठेवलं. त्याची आई कारखान्यात बशा खोक्यांत भरायची. ती नुकतीच वारली होती.

"बघ बाई, ह्यांचं काही होतंय का. आईने एकदाही वापरल्या नाहीत. बायको म्हणते, फेकून दे."

गव्हाच्या ओंब्यांची नक्षी. लॉर्नाला हसू आलं. तिच्या घरी रोज जेवायला हाच संच होता. तिने बशी उलटी केली. शिक्क्यात महिना आणि साल होतं, नोव्हेंबर १९४८. काठाशी बोटांच्या खुणा. झिलईच्या, म्हणजे चकाकीच्या लेपाच्या, हौदात बशी बुडवताना धरणाऱ्याची बोटं तिथे उमटतात, त्यात नवल नाही. अंगठा, दोन बोटं… आणि तिसरं अर्धंच.

तिचे वडील, एमॉस, ह्याच हौदावर होते. त्यांच्या करंगळीशेजारचं बोट पेरातून तुटलेलं होतं. लॉर्ना सहा वर्षांची असताना, १९४८च्या ऑक्टोबरात, ते एका रंगकाम करणाऱ्या बाईबरोबर पळाले, असं आई सांगे. ह्या माणसाने आपल्याला खरंच टाकलं का, एवढंच लॉर्नाला जन्मभर जाणून घ्यायचं होतं.

म्हणजे नोव्हेंबरात ते इथेच होते. घरापासून दोन गल्ल्यांवर. आणि एकदाही आले नाहीत! तिला रडू नाही, संताप आला.

खुणांवरून बोट फिरवताना ती थबकली. धरलेल्या जागी झिलई खोलगट असते. ही वर आली होती. आतून कुणी बोटं दाबावीत तशी. तिने दुसरी बशी पाहिली, तिसरी पाहिली. बाराही तशाच.

"डेल्बर्ट… तुझ्या आईने ह्या का वापरल्या नाहीत?"

तो खुर्चीत अवघडला. "शेवटी शेवटी बोलली. त्या ऑक्टोबरात माती कालवायच्या मोठ्या टाकीत, पात्यांत काहीतरी अडकलं होतं म्हणे. कारखान्याच्या साहेबाने सांगितलं, कुत्रं पडलं. माती मात्र टाकली नाही. त्या मातीच्या बशा विकल्या नाहीत, कामगारांना फुकट वाटल्या…" त्याने आवाज खाली आणला. "पण बाई, गावातलं एकही कुत्रं हरवलं नव्हतं."

लॉर्ना घरी आली तेव्हा थेल्माबाई शेगडीपाशी घेवड्याचं सूप ढवळत होत्या. टेबलावर दोन कोरड्या खोलगट बशा मांडलेल्या. लॉर्नाने एक उचलून मागून बोट फिरवलं. अंगठा, दोन बोटं, अर्धं. तिने बशी तशीच पालथी टेबलावर टेकवली.

"लॉर्ना, सुलटी कर ती."

"आई… बाबा पळाले नव्हते."

ढवळणारा हात थांबला नाही. "पळाला म्हणायचं, असं साहेब सांगून गेला. घर कंपनीचं होतं, पोरी. तू एवढीशी."

"चाळीस वर्षं आपण त्यांच्यावर जेवतोय!"

"मग काय, टाकून देऊ त्याला?" थेल्माबाई वळल्या. "आधी सुलटी कर… धाप लागते त्याला."

लॉर्नाने बशी उचलली. खाली, टेबलाच्या गुळगुळीत फळीवर, आरशावर तोंडाची वाफ धरावी तसा ओलसर गोल उमटला होता. ती बघत असतानाच तो आटत गेला.

थेल्माबाईंनी तिच्या हातातून बशी घेतली, काठ पदराने पुसावा तसा झग्याच्या टोकाने पुसला आणि तीत सूप वाढलं.

"बस," त्या म्हणाल्या. "गार होईल."