बिराप्पानं धरलेली झील

सोनिया फलटणला गेली ती एक रेकॉर्ड आणायला. वडूजहून सकाळची एसटी धरायची, रेकॉर्डवाल्या माणसाच्या घरी चहा घ्यायचा आणि दुपारच्या गाडीनं परत यायचं. त्यात भिण्यासारखं काहीच नव्हतं.

पण रेकॉर्ड रशियन होती, म्हणून थोडं मागचं सांगावं लागेल. पुण्यात ध्वनिमुद्रणाचा कोर्स करताना ही पोरगी भलत्याच नादाला लागली. यूट्यूबवर एकातून एक निघत गेलं आणि तिला सोव्हिएत काळातला प्रोग्रेसिव्ह रॉक सापडला. वीस-वीस मिनिटांची एकेक रचना, घुमणारा ऑर्गन, पाच आणि सात मात्रांचे आडमुठे ठेके. गाण्याचे शब्द तिकडं आधी सरकारी साहेबाकडून मंजूर करून घ्यावे लागत, असंही तिनं कुठंतरी वाचलं. मग तिला वाटायला लागलं की या बँडवाल्या पोरांनी तोंडानं बोलता येत नाही ते वाद्यांकडून बोलून घेतलंय. मैत्रिणी म्हणायच्या, "मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात हे रशियन कोकरू कुठून आलं गं?" ती हसायची. पण त्या संगीतात तिला आपल्या माळावरचा वारा ऐकू यायचा, हे अगदी खरं.

रशियाला जाऊन आलेलं कुणी भेटेल म्हणून फौजी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिनं जुन्या रशियन रेकॉर्डींची चौकशी केली, तेव्हा सगळ्यांनी टर उडवली. उत्तर दिलं ते फक्त फलटणच्या लालासाहेबांनी. रिटायर्ड सुभेदार, शहाऐंशी साली रणगाड्यांच्या ट्रेनिंगला आठ महिने रशियात होते.

"घिऊन जा पोरी, प्लेअरबी ने," ते म्हणाले. "आमच्या घरात ती लावू देत न्हाईत मला."

"का?"

"आवडत न्हाई कुणाला," म्हणत त्यांनी चहाची बशी पुढं सारली. सोनियाला जास्त विचारायची गरज वाटली नाही, कारण तिचं सगळं चित्त घरी होतं, आबांपाशी.

आबा म्हणजे तिचे वडील बिराप्पा. चाळीस वर्षं त्यांनी थोरल्या भावामागं, अर्जुनामागं, धनगरी ओव्यांना झील धरली. म्होरक्यानं ओळ म्हणायची, थांबायचं, आणि त्या मोकळ्या जागेत झीलकऱ्यानं शेवटचा सूर उचलून लांब ओढायचा. म्होरक्या ओवी पुरी करेपर्यंत झील सोडायची नाही, असा नेम. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीला अर्जुना वारला आणि आबांचा गळाच मिटला. दिवसाकाठी चार शब्द बोलले तरी पुष्कळ. आबांचा आवाज परत यावा, एवढंच सोनियाला हवं होतं. आपल्या ओव्यांच्या टेपा लावून झाल्या, आबांनी कूस बदलली. आता रशियन लावून बघू, असा तिचा वेडा विचार.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिनं मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करून रेकॉर्ड लावली. पत्र्याचं घर तापलं होतं, बाहेर शेळ्यासुद्धा आवाज करत नव्हत्या. आधी ऑर्गन आला, खालून, फरशीतून आल्यासारखा. मग सातांचा ठेका. मग एका पुरुषानं भरदार गळ्यानं एक लांब ओळ म्हटली आणि तो थांबला. नुसती सुईची खरखर राहिली...

आणि बाजेवरून आबांनी झील उचलली.

सोनियाचे डोळे घळाघळा वाहायला लागले. आई, धोंडुबाई, पिठाच्या हातानं धावत आली. "आवं, तुमी गाताय!" म्हणून दारातच बसली. त्या दिवशी घरात सणासारखा गोडाचा शिरा झाला. आबांनी मात्र तो खाल्ला नाही.

तिसऱ्या दिवशीही त्यांनी काही खाल्लं नाही. रेकॉर्ड कधीच काढून ठेवली होती. तरी आबा प्लेअर ठेवलेल्या कोपऱ्याकडं कान देऊन बसत, कुणाची तरी ओळ ऐकल्यागत मान डोलवत आणि झील ओढत. पुन्हा कान देत. गळा फाटत चालला होता, सूर सुतासारखा बारीक झाला होता.

"आबा, थांबा की वो आता."

"कसा थांबू?..." दोन झीलींच्या मधे ते पुटपुटले. "त्यो पुरी करंना."

"कोण?"

आबांनी कोपऱ्याकडं कान दिला. त्यांची झील धरायची वेळ झाली होती.

सोनियानं लालासाहेबांना फोन लावला. "काका, त्या रेकॉर्डवर गाणारा कोण हाय?"

"गाणारा? नुसती वाद्यं हायती तिच्यावर. शब्द मंजूर झालं न्हाईत म्हणून गाणाऱ्याचा गळाच काढून टाकला म्हणं. जागा तेवढी तशीच मोकळी ठिवली." मग त्यांनी आवाज उतरवला. "...का गं? तुलाबी ऐकू आला?"

तिनं पहिल्या दिवशी मोबाइलवर केलेलं रेकॉर्डिंग काढलं. ऑर्गन होता, ठेका होता. ओळीच्या जागी काहीच नव्हतं. आणि त्या काहीच नसण्यामागून आबांची झील, अगदी वेळेवर.

 असंच चाललं तर आबा मरतील, हे तिला स्वच्छ दिसत होतं, आणि नेम तिला ठाऊक होता. कुणीतरी म्होरक्या होऊन ओवी पुरी करायला हवी. घरातल्या पोरींनी कधी म्होरकेपण केलं नव्हतं. तरी ती आबांसमोर बसली आणि अर्जुनाकाकाच्या चालीवर गायली, "देव बसला ठाण्याला, ओवी आली गं घराला..."

आबा जोरजोरात मान हलवून तिला नको म्हणत होते. तिनं ओळ म्हणून ओवी पुरी केली.

झील थांबली. आबा आडवे झाले आणि तिथंच झोपले. आईनं त्यांच्या छातीवर हात ठेवून पाहिला, मग देवाला हात जोडले. सोनिया भिंतीला टेकून कितीतरी वेळ नुसता त्यांचा श्वास ऐकत राहिली.

दिवस कलताना आबा उठले. त्यांनी पाणी मागितलं. म्हणजे ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा ओठ हलले. पाण्यानं घसा ओला करून तिसऱ्यांदा हलले, आणि घाबरून त्यांनी गळ्याला हात लावला.

तेव्हा कोपऱ्यातून झील आली. प्लेअरची वायर गुंडाळून ठेवलेली, रेकॉर्ड कव्हरात. झील आबांच्याच गळ्याची होती, पण तरण्या, न फाटलेल्या गळ्याची. सोनियानं म्हटलेल्या ओळीचा शेवटचा सूर त्या झीलीनं उचलला होता.

आईनं आबांच्या मिटलेल्या तोंडाकडं पाहिलं आणि पदर तोंडात कोंबला. झील लांबत गेली, संपली. मग घरात मोकळी जागा पडली, पुढच्या ओळीसाठी. सोनियानं दोन्ही हातांनी तोंड गच्च दाबून धरलं. ओळ तिच्या जिभेवर आलेली होती, आणि त्यातला एकही शब्द तिला कळत नव्हता.