अर्जुनरावांची पुंगळी

गेल्या वर्षीची सर्वपित्री अमावास्या. सोनाळ्याचे कारभारी तुम्ही पाहिलेत, थापा मारणाऱ्यांतला माणूस नाही. त्यांच्याच तोंडून ऐकलेलं सांगतो.

त्या दिवशी ते वडिलांची बावीस बोअरची रायफल दुरुस्त करायला मलकापूरला गेले होते. वडील, अर्जुनराव, चैत्रात वारले. उभी हयात त्यांनी त्या रायफलीनं रानडुकरं पळवली. त्यांचा दंडकच होता, रिकामा घोडा दाबायचा नाही. या रायफलीची ठोका मारणारी पिन गोळीच्या कडेवर बसते. गोळी नसली की थेट लोखंडावर आपटते. म्हणून रात्री ठेवताना ते बोल्टचा दांडा ओढून आत एक रिकामी पुंगळी, म्हणजे उडालेल्या गोळीचं पितळी टरफल, घालत, मगच घोडा उतरवत. ती पुंगळी कायम त्यांच्या करदोड्याला. चितेवरही तशीच गेली.

बाप गेला आणि कारभाऱ्यांनी पाहुण्यांपुढे ऐट मिरवली. रिकामाच घोडा दाबत बसले. पिन तुटली. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. त्यात आई, कोकिळाबाई, बोलल्या, "मोडकं हत्यार दसऱ्याच्या पूजेत नाही ठेवू देत मी. तुह्या बापाची येवढी एक निशानी, तेबी सांभायता नाही आली तुले."

कारागिरानं तुटकी पिन नमुन्याला ठेवून घेतली. रायफल मात्र कारभाऱ्यांनी परत आणली, कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली करदोड्याला बांधून निजले.

मध्यरात्र उलटून गेली होती. लाइट गेली. पंखा थांबला, आणि...

कपाटात रायफलीचा बोल्ट मागे सरकला. सावकाश. म्हातारे हात ओढतात तसा.

कारभाऱ्यांनी किल्ली चाचपली. होती.

बोल्ट पुढे गेला. मग काहीच नाही.

"बाबा..." कारभारी पुटपुटले. "चुकलो मी. मले..."

टक्.

पिन मलकापूरला. आत पिनच नाही.

उजाडल्यावर त्यांनी आईसमोर कपाट उघडलं. बोल्ट ओढला. तळहातावर पुंगळी पडली. धुरानं काळी झालेली.

कोकिळाबाईंनी ती ओळखली. पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "ठेव पूजेत."

पुंगळीच्या कडेला जुन्या ठोक्यांच्या खुणा होत्या, सगळ्या काळवंडलेल्या. एक तेवढी ताजी... पिवळीधमक.