बाबांच्या फोनचे टक्के

बाबांचा मोबाइल नंबर बंद करायचं काम रुचिरा सहा महिने पुढे ढकलत आली होती. आधी गॅसची नोंदणी त्या नंबरवर होती, मग पीएफच्या कागदांसाठी त्यावर ओटीपी येत होते, आणि नंतर काहीच कारण उरलं नाही तरी ती रोज सकाळी तो फोन आपला चार्जिंगला लावायची. शेवटी सुयोगच वैतागला. "अगं, माणूस गेलं, आता रिचार्ज कोणासाठी मारतेस?" म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिने मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, मृत्यूचा दाखला आणि दोन आधार कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि दुपारी पावणेतीनला ती घराबाहेर पडली.

मोबाइलचं दुकान मुलुंडच्या त्यांच्या गल्लीच्या तोंडाशीच होतं. साडेतीनला सईची शाळेची बस गेटवर यायची. पहिलीतली पोर, खाली कोणी दिसलं नाही तर रडून गोंधळ घालणारी. पण पाऊण तास भरपूर झाला, असा रुचिराचा हिशेब. तिचा स्वतःचा फोन चार टक्क्यांवर आला होता, म्हणून तो तिने वर चार्जरला लावून ठेवला आणि बाबांचा तेवढा हातात घेतला. आजच्या काळात बाई घराबाहेर पडते आणि स्वतःचा फोन वर ठेवते, याला मूर्खपणा म्हणतात, आणि तो तिने केला.

दुसरा मूर्खपणा म्हणजे ती लिफ्टमध्ये शिरली. त्या लिफ्टमध्येच बाबा गेले होते. तेव्हापासून सात मजले ती जिन्याने चढत-उतरत होती, गुडघे बोंबलत होते. भर दुपारी कसली भीती, असं स्वतःलाच दटावून तिने जाळीचा घडीचा दरवाजा ओढून घेतला आणि शून्याचं बटण दाबलं.

जुनी लिफ्ट. सहावा मजला जाळीतून वर सरकला, मग पाचवा. मग सिमेंटची भिंत आली, आणि दिवा गेला, पंखा गेला. लिफ्ट एक हिसका देऊन थांबली.

"श्यामसुंदर!" तिने हाक मारली. वॉचमन खाली गेटवर असायचा. "अहो श्यामसुंदर, लाइट गेली!"

जाळीपलीकडे उघडी भिंत, ग्रीसचा वास, आणि डोक्यावरच्या फटीतून आलेली उन्हाची चार बोटं रुंद पट्टी. अलार्मचं बटण विजेवरच चालणारं, ते गप्प. तिने फोन उघडला. वेळ २:४७. नेटवर्कच्या जागी फुली. आणि कोपऱ्यात बॅटरीचं इवलंसं चित्र. त्याच्या शेजारी आकडा नव्हता.

तो आकडा रुचिरानेच काढला होता.

बाबा, म्हणजे धाकू गावस, तीस वर्षं गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर होते. कांडीवरचं सूत संपायच्या आत कांडी बदलायची. सूत संपलं की कापडात खोट, आणि खोट म्हणजे दंड. गिरणी बंद पडली तरी नजर गेली नाही. म्हातारपणी हातात फोन आला आणि त्यांना पुन्हा एक कांडी मिळाली. दिवसभर टक्के बघायचे. रुचिरा ऑफिसात मीटिंगमध्ये असली तरी फोन. "पंचेचाळीस झाली गो. लावू काय?" पुन्हा तासाभराने, "चाळीस!" चार्जर हाताशी नसेल तर नाक्यावरून अर्ध्या वाटेने परत यायचे. एकदा तिच्या साहेबांसमोर तिसऱ्यांदा फोन वाजला आणि रुचिराचं डोकं फिरलं. घरी येऊन तिने त्यांचा फोन घेतला, सेटिंगमध्ये जाऊन बॅटरीच्या टक्क्यांचं बटण बंद केलं आणि फोन परत दिला.

"घ्या. गेले टक्के. आता नुसतं चित्र. बघितलं नाही की काळजी नाही."

बाबांनी पडदा बोटाने पुसून बघितला. "टक्के गेले ते खंय गेले?" त्यांनी विचारलं. "आता माका कळतला कसा?"

ती हसली होती. नऊ दिवसांनी दुपारची लाइट गेली आणि बाबा लिफ्टमध्ये अडकले. काढलं तेव्हा ते आतल्या स्टुलावर बसलेले होते, हातात फोन, आणि फोन बंद पडलेला. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले, एका क्षणात गेले, त्रास झाला नाही. रुचिरा त्या एका क्षणाला धरून सहा महिने जगत होती. टक्क्यांचं तिने कोणालाच सांगितलं नव्हतं, सुयोगलाही नाही. त्या दिवशी आकडा दिसत असता तर त्यांनी फोन चार्ज केला असता, आणि आतून एक हाक तरी मारली असती, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आता तिला आकडा हवा होता. सकाळी फोन चार्जिंगला लावला होता खरा, पण किती झाला ते कुठे बघितलं होतं? तिने सेटिंग उघडलं, बॅटरीचं पान काढलं. तिथे मोठ्या अक्षरांत आकडा असतो. नव्हता. नुसतं रिकामं वर्तुळ. तिने टक्क्यांचं बटण उजवीकडे सरकवलं. कोपऱ्यात ६१ उमटलं.

"झकास," ती मोठ्याने म्हणाली. एकसष्ट म्हणजे चिंता नाही.

तेवढ्यात बटण आपोआप डावीकडे सरकलं. आकडा गेला.

जुना फोन, हँग होतो, असं ती मनाला म्हणाली. सुयोगला फोन लावला, लागला नाही. शंभर नंबर लावला, तोही नाही. मग ती ओरडत राहिली. पाचव्यावरच्या वनमालाताई दुपारी घरीच असतात, त्यांच्या नावाने ओरडली, जाळी हलवली, चप्पल काढून लोखंडावर बडवली. बिल्डिंगमध्ये आवाजच नव्हता. कुकरची शिट्टी नाही, टीव्ही नाही, रस्त्यावरचा एक हॉर्न नाही. मुलुंडला दुपारी कावळेसुद्धा ओरडत नाहीत असं कधी झालंय?

पाऊण तास उलटला असेल असं वाटलं तेव्हा तिला सईची बस आठवली. पोर गेटवर उभी असेल. तिने घाईने फोन बघितला. २:४७.

घड्याळही अडकलं, ती पुटपुटली. डोक्यावरची उन्हाची पट्टी होती तिथेच होती, तेवढीच रुंद.

मग ती घसा बसेपर्यंत ओरडली. नंतर नुसती बसली. तहान लागली. पाय आखडले. कधीतरी डोळा लागला आणि मान अवघडून जाग आली तेव्हाही वर तीच पट्टी, तेच ऊन. किती वेळ गेला हे सांगायला जगात एकच गोष्ट होती. तिने बटण सरकवलं. ३८. बटण मागे आलं.

या वेळी तिने नीट बघितलं होतं. ते सटकन गेलं नव्हतं. कुणीतरी जाडसर अंगठ्याने, बेताने ओढावं तसं हळूहळू मागे आलं होतं.

रुचिराने फोन छातीशी धरला आणि पाठ भिंतीला टेकवली. लिफ्टमध्ये ती एकटी होती. हात पसरला तर दोन्हीकडे पत्रा लागेल एवढीच जागा. आणि त्या जागेत, तिच्या डाव्या हाताला, स्टूल करकरलं. लिफ्टमनचं जुनं स्टूल होतं तिथे पूर्वी. बाबा गेल्यावर सोसायटीने ते काढून टाकलं होतं.

"कोण आहे?"

श्वास ऐकू येत होता, म्हाताऱ्या माणसाचा, मधेच अडकणारा. गिरणीत तीस वर्षं कापसाची धूळ खाल्लेला श्वास. तो तिने लहानपणापासून ऐकला होता, भिंतीपलीकडून ऐकत झोपली होती. भीती वाटायला हवी ती वाटलीच, पण त्याखाली रडूही दाटून आलं.

"बाबा...?"

नुसता श्वास.

तिला लघवीला लागली होती, ती तिने किती तास धरून ठेवली कोण जाणे. शेवटी ती उलट्या कोपऱ्यात जाऊन बसली, शरमेने कानाच्या पाळ्या तापल्या. बापासमोर. परत जागेवर आली, पुन्हा झोपली, पुन्हा उठली. ओठांना चिरा पडल्या होत्या. बटण सरकवलं. १९. अंगठा आला आणि आकडा पुसून गेला.

"नका ना बाबा," ती रडत म्हणाली. "बघू द्या ना. मला कळणार कसं...?"

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. तिने दोन्ही हातांनी तोंड दाबलं.

मग बराच वेळ गेला, आणि तिने तोंडावरचे हात काढले. सहा महिने जे कोणाला सांगितलं नव्हतं ते त्या अंधारात तिने घोगऱ्या, फाटक्या आवाजात सांगून टाकलं. "मला तुमच्या फोनचा कंटाळा आला होता बाबा. तुमची काळजी म्हणून नव्हे, माझी कटकट जावी म्हणून मी ते टक्के लपवले. तुम्ही इथे फोन धरून बसलात... आणि तुम्हाला कळलंही नाही की आता संपणार म्हणून. मी केलं ते."

स्टूल करकरलं. श्वास जवळ आला, अगदी कानाशी. तंबाखूचा आणि खोबरेल तेलाचा वास आला.

"बघू नको गो," आवाज म्हणाला. हळू, समजुतीचा, तापात कपाळावर हात ठेवताना असायचा तसा. "बघितलस की जीव घाबारता. मी आसंय मा हयसर..."

त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. तिने एकदा शेवटचं म्हणून बटण सरकवलं, फक्त त्या अंगठ्यासाठी. ६. अंगठा आला. तिने पडद्यावर आपलं बोट तिथेच ठेवलं, आणि क्षणभर तिच्या बोटावर एक गार, खरखरीत वजन होतं. मग फोन विझला.

त्यानंतर किती वेळ, ते तिला कधीच सांगता येणार नव्हतं. मोजायला काही उरलंच नव्हतं.

दिवा लागला. पंखा फिरला. लिफ्ट गुरगुरत खाली उतरली, चौथा, तिसरा, दुसरा, पहिला, आणि तळमजल्यावर थांबली. जाळी बाहेरून श्यामसुंदरने उघडली.

"अडकलात काय ताई? लाइट दोनच मिनिटं गेली होती. लगेच आली बघा."

रुचिरा जाळी धरून बाहेर आली. गेटवर ऊन होतं, भाजीची गाडी उभी होती, कावळे ओरडत होते. श्यामसुंदरच्या टेबलावरच्या घड्याळात तीनला अकरा मिनिटं कमी होती. सईची बस यायला अजून चाळीस मिनिटं होती.

"दोन...?" तिने विचारलं.

"दोन. हे काय, लिहिलंय." लाइट जायची-यायची वेळ रजिस्टरमध्ये लिहायचा सेक्रेटरींचा नियम होता. २:४७ ते २:४९. श्यामसुंदरने तिच्या फुटलेल्या ओठांकडे बघितलं, मग लिफ्टच्या ओल्या कोपऱ्याकडे बघितलं, आणि नजर वळवून पाण्याची बाटली पुढे केली. ती तिने एका दमात संपवली. दुसरी मागितली.

"श्यामसुंदर," ती म्हणाली, "बाबांच्या वेळी... लाइट किती वेळ गेली होती?"

मग त्याने टेबलाच्या खणातून आधीचं रजिस्टर काढलं, पानं उलटली, एका ओळीवर बोट ठेवलं. त्याच्याच अक्षरात होतं. अकरा मिनिटं.

रुचिरा खुर्चीत बसली. दोन मिनिटांत ती दोनदा झोपली होती, तिचा घसा बसला होता, एक फोन जवळजवळ दोन तृतीयांशावरून शून्यावर आला होता. तिला पुढचा हिशेब करायचा नव्हता. तो आपोआप होत होता.

"एक विचारू का ताई?" श्यामसुंदर खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्हाला आत काही...? नाही, राहू द्या."

"बोला."

"मी हे कोणाला बोललो नाही. पोलिसांनाही नाही. काय बोलणार?" त्याने आजूबाजूला बघितलं. "त्या दिवशी आजोबा आणि मी एकदमच सलूनमधून आलो होतो. शेजारी-शेजारी खुर्चीत बसलो होतो आम्ही. गुळगुळीत दाढी केली होती त्यांनी, वर तुरटी फिरवून घेतली. मी इथे बसलो, ते लिफ्टमध्ये शिरले, आणि लाइट गेली."

"मग?"

"मग लाइट आली. जाळी मीच उघडली." त्याने स्वतःच्या गालावरून उलटा हात फिरवला. "पांढरी खुंटं होती ताई. पाच-सहा दिवसांची."