लाल टोक

शाळेतली होकायंत्रं उलटी होतात. यात गूढ काही नाही, दर वर्षी होतात. मुलं जोरदार चुंबक सुईवर टेकवतात, सुईचे ध्रुव बदलतात आणि लाल टोक उत्तरेऐवजी दक्षिण दाखवायला लागतं. मी डेल्फ्टच्या एका शाळेत भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस आहे. पुण्यात अकरा वर्षं नववी-दहावीला चुंबकत्व शिकवलं होतं, पण इथे माझं डच बेताचं, त्यामुळे नेमणूक फळ्यापाशी न होता कपाटापाशी झाली. प्रयोगाचं सामान मांडायचं, आवरायचं आणि सहामाहीला चोवीस होकायंत्रांचा डबा घरी आणून उलट्या सुया सुलट्या करायच्या. चुंबक टेकवला की एका सुईला दोन सेकंद लागतात. सुलटी सुई उलटी करायलाही तेवढेच लागतात.

ऑक्टोबरमध्ये माझ्या सासूबाई, सरलाताई, तीन महिन्यांसाठी आल्या. मी त्यांना आईच म्हणते. वय एकाहत्तर, पहाटे पाचला उठून चहा टाकणार आणि मग दिवसभर जिभेला सुट्टी नाही. नातीवर त्यांचा एकच राग होता. प्रांजली बारा वर्षांची, मराठी सगळं कळतं, पण तोंड उघडलं की डच नाहीतर इंग्रजी. "या कार्टीकडून मराठीत एक उत्तर मिळू दे, मी साखर वाटते बघ," असं आई रोज म्हणायच्या. प्रांजली हसून "ओके, आजी" म्हणायची.

आईंना आम्ही माळ्यावरची खोली दिली. तिथे छत एका बाजूला उतरत उतरत गुडघ्यापर्यंत येतं. पलंग एकाच तऱ्हेने बसतो, डोकं दाराकडे आणि पाय उतरत्या छताखाली. उलटं झोपलं तर उठताना कपाळमोक्ष ठरलेला.

आईंनी बॅग उघडायच्या आधी विचारलं, "विशाखा, पाय कुठे येतात गं?"

"म्हणजे?"

"दक्षिणेला येत असतील तर मी नाही झोपायची इथे. पाय दक्षिणेला करून, अंगठे जुळवून बांधून माणसाला एकदाच निजवतात."

पाय अगदी नेमके दक्षिणेलाच येत होते. माझा नवरा गौरव जिन्यात मला हळूच म्हणाला, "काहीतरी सांग ना तिला, तो पलंग काही फिरणार नाही," आणि ॲमस्टरडॅमची गाडी पकडायला निघून गेला. अवघड उत्तरं द्यायची वेळ आली की त्याची गाडी असतेच.

"तू शास्त्राची बाई," आई म्हणाल्या. "यंत्र लावून दाखव."

मी स्वयंपाकघरात गेले, डब्यातलं एक होकायंत्र काढलं, त्यावर चुंबक टेकवला आणि वर आणलं. मला हसू आवरत नव्हतं. लाल टोक थेट पलंगाच्या पायथ्याकडे वळलं. "लाल म्हणजे उत्तर," मी म्हटलं. "तुमचे पाय उत्तरेला." आईंनी त्या चार युरोंच्या डबीला चक्क हात जोडले आणि ती उशाच्या फळीवर ठेवून दिली. सूर्य बघून पकडतील अशी धाकधूक होती, पण इथल्या ढगांनी आठवडाभर मला सांभाळून घेतलं.

पाचव्या दिवशी प्रांजली चार होकायंत्रं घेऊन वर गेली. तिच्या वर्गात चुंबकत्व शिकवत होते आणि आजीला धडा द्यायची तिला हौस होती. पाच मिनिटांत ती खाली आली.

"मम, आलेस कपॉट." सगळी बिघडलीत.

ती चारही मी सकाळीच तपासली होती. ओट्यावर ठेवली, ठीक होती. वर नेली, तर चारही लाल टोकं आईंच्या पायांकडे. फोनमधलं होकायंत्रही तेच सांगत होतं.

आधी तुळईतल्या लोखंडाचा संशय घेतला, मग हीटिंगच्या नळांचा, मग विजेच्या तारांचा. घराचा मेन स्विच बंद करून पाहिलं. वहीत नोंदी केल्या. चुंबकाचा परिणाम अंतराने कमी होतो, हे मी शेकडो मुलांकडून पाठ करून घेतलंय. इथे कमी होत नव्हता. खोलीच्या चारही कोपऱ्यांत सुई सारखीच ठाम उलटी, आणि उंबरठ्यावर हात बाहेर काढला की गर्रकन सुलटी. चुंबकीय क्षेत्राला अशी कड नसते. मी उंबरठ्यावर उभी राहून तीनदा हात आतबाहेर केला आणि वही मिटून टाकली. मला ते आवडलं नव्हतं.

त्याच सुमारास आईंचा चहा उशिरा व्हायला लागला. आधी सात, मग आठ. एका सकाळी नऊ वाजले तरी माळ्यावर हालचाल नाही, म्हणून मी वर गेले. आई उताण्या झोपल्या होत्या, अगदी सरळ, हात अंगालगत. एरवी त्या मुटकुळं करून झोपतात. तीन हाका मारल्यावर डोळे उघडले.

"छान झोप लागते गं इथे," त्या म्हणाल्या. आवाज जड होता. "कूस वळली की तू येऊन सरळ करतेस. एवढं कशाला करतेस माझं?"

मी कधीच वर आले नव्हते.

हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. रक्तदाब उत्तम. पायांच्या अंगठ्यांभोवती बारीक वळ दिसले, त्यावर मोजे सैल घाला म्हणाला. गुडघेदुखीपासून भाजण्यापर्यंत सगळ्यावर पॅरासिटामॉल देणारा माणूस, पण या वेळी मला त्याचा आधार वाटला. आई घरात मोजे घालतच नाहीत, हे मी त्याला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेदहा वाजले. मी हाका मारल्या, खांदे हलवले, गालावर पाणी लावलं. अकराला त्यांनी डोळे उघडले. तोवर मी रडकुंडीला आले होते. तिथेच जमिनीवर बसून सगळं कबूल केलं. सुई मी उलटी केली होती, पाय दक्षिणेलाच होते.

आई रागावल्या नाहीत. "मी तुझ्या भरवशावर झोपले," एवढंच म्हणाल्या.

त्या दिवसापासून त्या खाली प्रांजलीच्या खोलीत झोपू लागल्या, पूर्वेला डोकं करून. तिसऱ्या पहाटे पाच वाजता भांड्यांचा आवाज आला आणि चहाचा वास. मी अंथरुणातच डोळे पुसले.

आई खाली आल्या त्याच दिवशी माळ्यावरच्या सुया सुलट्या झाल्या. मी चार दिवस मोजमाप घेतलं, सकाळ-दुपार. एकही सुई एक अंशाने ढळली नाही. मीच उलटी केलेली डबीसुद्धा सुलटी झाली होती. तिला पुन्हा चुंबक कोणी लावला, हा प्रश्न मी वहीत लिहिला नाही. आमच्या खोलीत गादी टाकून प्रांजलीची पाठ अवघडली होती, आणि तिला माळा हवाच होता.

"पोरीला तिथे नको झोपवू," आई म्हणाल्या.

"आई, सगळ्या सुया सरळ झाल्यात. मी मोजलंय."

"सुया काय बघतेस? पाय बघ."

मी पाय बघितले नाहीत. चार दिवसांच्या नोंदी होत्या माझ्याकडे. शुक्रवारी प्रांजली उशी घेऊन वर गेली.

शनिवारी नऊ वाजले. शनिवारी ती उशिराच उठते.

साडेनऊला आईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जिना चढले.

उंबरठ्यापाशीच मला उशाची फळी दिसली. मोजमापासाठी तिथेच ठेवलेल्या पाचही होकायंत्रांची लाल टोकं पलंगाच्या पायथ्याकडे होती.

प्रांजली उताणी होती. सरळ. हात अंगालगत.

मी हाक मारली. पुन्हा मारली. तिसऱ्या हाकेला तिने डोळे उघडले.

"प्रांजली, बरी आहेस ना?"

ती छताकडे बघत राहिली. आणि मग, जन्मात पहिल्यांदा, तिने मला मराठीत उत्तर दिलं.

"आई, अंगठे सुटत नाहीयेत."