पहाटेच्या ओव्हनला सोलर

वाळत घातलेली कापडं काढायला ती गच्चीवर गेली आणि जागच्या जागी थबकली. दोन कापडांच्या मधोमध एक अनोळखी तरुण चक्क उताणा पडला होता, मोबाइल आभाळाकडे धरून!

"अहो! कोण तुम्ही? इथे काय करताय?"

तो धडपडत उठला. "सावली मोजतोय... सोलरसाठी. तुम्हीच बोलावलं होतं ना? सतरा नंबर?"

"हे सोळा."

तो कानापर्यंत लाल झाला. आता निमूट जाईल असं तिला वाटलं, पण स्वारी म्हणाली, "छत मात्र तुमचंच छान आहे. दिवसभर ऊन. आणि..."

"आणि काय?"

"आणि... रागावताना तुम्ही हसू दाबताय, ते दिसतंय."

काय लबाड आहे मेला! पण चहाला त्याला खाली नेलं तिनेच.

घरात दोनच माणसं. ती घरच्या स्वयंपाकघरात ब्रेड भाजून दुकानांना द्यायची आणि बाबा वीज कंपनीत जन्मभर मीटर वाचून निवृत्त झालेले. ओव्हनच्या बिलाने तिचं डोकं उठलं होतं. त्याने बिल पाहिलं, आकडेमोड केली आणि आठ पॅनल सांगितली. तेवढे पैसे तिच्याकडे होते, पण ते दुसऱ्या ओव्हनसाठी तीन वर्षं पोटाला चिमटा काढून साठवलेले. एकच काहीतरी होणार होतं.

"विकणाऱ्याच्या जिभेवर साखरच असते, पोरी," बाबा म्हणाले. "जपून."

सूर्याजीराव—हे नाव बाबांनीच ठेवलं—मग वरचेवर यायला लागले. कधी पाण्याच्या टाकीची सावली बघायला, कधी विसरलेली मोजायची टेप न्यायला.

"काल पण टेपच विसरला होतात."

"दोन आहेत माझ्याकडे..."

ती हसायची आणि तो गेल्यावर विचारात पडायची. हा सगळ्या घरांत असाच बोलत असेल का? गोड बोलणं तर त्याचा धंदाच. तो खोटा निघाला तर साठवलेले पैसे जातील, आणि पैशांचं एक वेळ सोसता येईल... पण मनाचं काय?

शेवटी तिने होकार दिला. चेक घ्यायला त्याला सकाळी सातला बोलावलं होतं. तो साडेपाचलाच दारात उभा.

"झोपच नाही लागली," म्हणत तो आत आला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात थांबला. ओव्हन धगधगत होता. ट्रेवर ट्रे रचलेले. खिडकीबाहेर अजून अंधार होता. त्याचा चेहरा पडला.

"हा... कधीपासून चालू आहे?"

"तीनपासून. सातला बंद. दुकानं उघडायच्या आत ताजा ब्रेड नको पोचायला?"

"आणि दिवसा?"

"दिवसा ओव्हन बंदच. दुपारपर्यंत मी झोपते."

तो पिठाच्या डब्यावर मटकन बसला. "मी बिलावरचा आकडा बघितला. वीज कुठल्या वेळी लागते, हे विचारलंच नाही. पॅनल वीज देणार दुपारी. ती तुम्ही वापरणार नाही. धंद्याच्या मीटरवर दुपारची वीज पहाटेच्या बिलातून वळती होत नाही; वीज कंपनी ती कवडीमोलाने घेणार आणि पहाटेची तुम्हाला पूर्ण दराने देणार."

"बॅटरी लावली तर?"

"खर्च दुप्पट. काही वर्षांनी तीही बदलायची. नका घालू यात पैसे."

"म्हणजे सोलर वाईटच?"

"छे! दिवसा वीज लागणाऱ्या घरात पाच-सहा वर्षांत पैसे वसूल होतात. तुम्हाला दोन पॅनल पुरे. फ्रीज, पंखे, बाबांचा टीव्ही. उरलेल्या पैशांत ओव्हन घ्या."

"तुमचे साहेब काय म्हणतील?"

"त्यांना आठ पॅनलची ऑर्डर कळवून बसलोय. या महिन्यात एवढी एकच मिळाली होती. नोकरीवर ठेवतात की नाही, बघू."

मागे बाबा येऊन उभे होते. "जन्मभर मीटर वाचली," ते पुटपुटले, "आणि मलाही सुचलं नाही!" एवढं बोलून ते शहाण्यासारखे बाहेर निघून गेले.

तिने पिठाचे हात पुसले. "एक विचारू? खरं सांगाल?"

"आता खोटं बोलून मिळणार काय मला?"

"ते... हसण्याबद्दलचं. सगळ्या घरांत सांगता?"

त्याने पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ पाहिलं. "बाकीच्या घरी मी एकदाच जातो हो. छत बघायला वीस मिनिटं लागतात. इथे सात वेळा आलोय."

तिची महिनाभराची धाकधूक एका क्षणात थांबली.

"आज आठ पॅनल विकून गेला असतात ना, तर हे कधीच बोलले नसते," ती म्हणाली. "मला तुम्ही आवडता. फार आवडता."

"...पुन्हा म्हणा."

"नाही म्हणणार."

"एकदाच!"

तिने म्हटलं. ओव्हनमधला अख्खा ट्रे करपला, आणि करपल्याचा वास बाहेर बसलेल्या बाबांना त्या दोघांच्या आधी आला.