ओल्स्बीच्या फाट्यावरचा हिरवा बाण

ज्याला खोटं वाटेल त्याने इथूनच परत फिरावं. कुणाला पटवून द्यायची मला हौस नाही. पण घडलं ते असंच घडलं, आणि माझ्याच गाडीत घडलं.

तारीख एकोणीस नोव्हेंबर. मंगळवार. दुपारचे चार, म्हणजे आमच्याकडे मिट्ट काळोख.

जागा... ओल्स्बीचा फाटा.

पण आधी गुन्नेलचं सांगायला हवं. त्याशिवाय तुम्हाला काहीच कळणार नाही.

मी हेल्गे. इथे स्वीडनमध्ये गाड्यांच्या एका कारखान्यात तीस वर्षं काढली. डॅशबोर्डवरची चिन्हं चालकाला नीट दिसतात का, एवढंच बघायचं काम. आम्ही अकरा जण. दहा जण सहा फुटांच्या आसपास, आणि अकरावी गुन्नेल. पाच फूट, तेही बूट घालून.

बुटक्या माणसाचाही एक तपासणीचा कागद हवा, असा नियम होता. आमच्याकडे बुटकं माणूस म्हणजे गुन्नेल एकटी.

त्या वर्षी नवा डॅशबोर्ड आला. दिसायला देखणा. इंडिकेटरचा हिरवा बाण पार खाली कोपऱ्यात ढकललेला. टिकटिकसुद्धा अगदी हळू केलेली, कारण साहेबांना तो आवाज स्वस्तातला वाटायचा.

गुन्नेल बसली. पाय पोचावेत म्हणून सीट पुढे घेतली. इंडिकेटर लावला.

"हेल्गे, बाण कुठाय?"

"तुझ्या समोर."

"माझ्या समोर स्टिअरिंग आहे. त्याच्या कडेमागे लपलाय तो. मला दिसत नाही आणि ऐकूही येत नाही."

तिने कागदावर लिहिलं, 'दिसत नाही'. खाली सही केली.

शुक्रवारी कागद वर जायचे होते. एक 'नाही' म्हणजे सगळं पुन्हा, सहा महिने मागे.

आमच्याकडे कुणी कुणाला तोंडावर नाही म्हणत नाही. आधी कॉफी पाजतात. मीही पाजली. सोबत दालचिनीचा पाव दिला आणि म्हटलं, "अगं, सीट पार वर घे ना. वर तुझा कोट घडी करून घाल."

ती आपल्या हिरव्या लोकरी कोटावर बसली.

"हां, आता दिसतो. पण माझे पाय ब्रेकला पुरत नाहीत की रे!"

"गाडी उभी आहे बाई. ब्रेक काय करायचाय?"

सगळे हसले. तीही हसली. तिने दुसऱ्या कागदावर 'दिसतो' लिहून सही केली.

"पण पहिला कागद सोबत जोडशील ना?"

"जोडतो की."

ती गेल्यावर पहिला कागद मी कागद कापायच्या यंत्रात घातला. त्या दिवशी मला घरी छान झोप लागली, हेही लिहून ठेवतो.

पुढच्या वर्षी कामगारांना तीच गाडी सवलतीत मिळाली. तिने घेतली. मीही घेतली.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात ती कामावरून घरी निघाली होती. रस्ता हलकासा वळतो तिथे तिने उजवा इंडिकेटर दिला. वळण हलकं असलं की तो आपोआप बंद होत नाही. तो चालूच राहिला. तिला दिसला नाही, ऐकू आला नाही. ओल्स्बीच्या फाट्यावर लाकडं वाहणारा ट्रक उजवीकडे थांबला होता. ट्रकवाल्याला वाटलं, ही बाई आत वळतेय. त्याने ट्रक बाहेर काढला.

ती जागीच गेली.

चौकशी झाली. कंपनीने काय पुढे केलं असेल? तिचाच कागद. 'दिसतो', आणि खाली तिची सही. निकाल लागला, चालकाचा निष्काळजीपणा. तिच्याच चुकीने ती मेली, असं पेपरातही छापून आलं.

महिन्याभराने तिचा नवरा आल्वार माझ्या दारात उभा राहिला.

"गुन्नेल सांगायची, तिने आधी 'दिसत नाही' असं लिहून दिलं होतं. होता का रे असा कागद?"

"नाही, आल्वार."

"म्हणजे ती खोटं बोलत होती?"

मी गप्प बसलो. त्या वेळी माझी जीभ झडून पडायला हवी होती. नाही पडली.

आता गाडीचं.

पुढच्या वर्षीचा ऑक्टोबर. मी सकाळी गाडीत बसायला गेलो आणि गुडघे दाणकन स्टिअरिंगवर आपटले.

सीट... पार पुढे होती.

घरात मी एकटा. किल्ली एकच, ती माझ्या खिशात. म्हटलं, असेल काही बिघाड. सीट मागे घेतली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे.

तिसऱ्या दिवशी पुन्हा...

गॅरेजवाला हसला. "हेल्गे, एखादी ठेंगणी मैत्रीण ठेवलीस की काय?" मग माझा चेहरा बघून तो कामाला लागला. त्याने सीटच्या मोटारीची तारच काढून माझ्या हातात दिली. "घे. आता बापजन्मात हलणार नाही."

ती तार मी खिशात ठेवली. एकोणीस नोव्हेंबरला ती खिशातच होती.

मी कारखान्यातून निघालो. रस्त्यावर चिटपाखरू नाही. फाटा किलोमीटरभर राहिला असेल...

घूंऽऽऽ...

सीट पुढे सरकायला लागली.

हळूहळू. मी पाय रोवले, पाठ मागे रेटली. उपयोग शून्य. सीट पुढे आली, मग खाली बसली. गुडघे वर दुमडले. मान खांद्यात गेली. स्टिअरिंगची कड डोळ्यांसमोर आली.

आणि थांबली.

माझ्या डोळ्यांची उंची तेव्हा किती असेल? तुम्हीच समजा.

मग आवाज आला.

टिक... टिक... टिक...

आमच्या गाडीचा दबका आवाज नव्हता तो. जुन्या गाड्यांचा, खणखणीत. मी समोर पाहिलं. डॅशबोर्डवर बाण नव्हता. इंडिकेटरच्या दांडीला माझा हातही लागला नव्हता.

टिक... टिक...

मी मान वाकडी केली. स्टिअरिंगच्या कडेखालून पाहिलं.

हिरवा बाण... उजवीकडचा... चालू होता.

मान वर केली, तर फाट्यावर दोन दिवे. लाकडं वाहणारा ट्रक. तो बाहेर यायला लागला होता.

मी ब्रेक दाबला. गाडी घसरत जाऊन त्याच्या चाकापासून हातभर अंतरावर थांबली. ट्रकवाला खाली उतरून ओरडला, "अरे ए! उजवा इंडिकेटर देतोस आणि सरळ घुसतोस? डोळे फुटलेत काय?"

मी पाहिलं. बाण विझला होता. टिकटिक बंद. दांडी मधोमध.

मी घरी गेलो नाही. थेट आल्वारच्या दारात गेलो आणि उभ्याउभ्या सगळं ओकलो. कोट, कॉफी, कागद कापायचं यंत्र. त्याने दोन मुस्कटात माराव्यात असं वाटत होतं. त्याने नाही मारल्या. बूट घालून तो माझ्या गाडीपाशी आला आणि दार उघडून सीटकडे बघत राहिला. मग त्याने सीट आणि स्टिअरिंगमधलं अंतर वितीने मोजलं.

"एवढंच," तो म्हणाला. "बरोबर एवढ्यावर बसायची ती. मी गाडी घ्यायला गेलो की रोज गुडघा आपटायचा. रोज कुरकुर करायचो मी."

"कंपनीला लिहून दे, हेल्गे. तिचं नाव धुऊन दे, दुसरं काही नको. आणि सीट मागे घेऊ नकोस. असाच घरी जा."

मी तसाच गेलो. अकरा किलोमीटर, दुमडलेल्या गुडघ्यांनी.

दुसऱ्याच दिवशी लिहून दिलं, सहीसकट. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. 'आमच्याकडे या चाचणीचा एकच कागद आहे. त्यावर संबंधित महिलेची सही आहे. बाण दिसतो. निकालात बदल नाही.' माझ्या बोलण्याला पुरावा काय? पुरावा मीच कातरून टाकला होता. आल्वारला ते पत्र दाखवायला गेलो, तर त्याने दार उघडलं नाही.

गाडी मी विकलेली नाही. विकणार कुणाला? एखाद्या पाच फुटी बाईला? अंगणात उभी आहे. बॅटरीसुद्धा काढून घरात आणून ठेवली आहे.

काल सकाळी काचेवरचं बर्फ झाडायला गेलो.

सीट पुढेच होती. पण आता ती पार वर उचललेली होती, मी गुन्नेलला घ्यायला लावली होती तशी. आणि सीटच्या मधोमध... घडी घातलेल्या कोटाएवढी जागा दबलेली होती.

आत टिकटिक चालू होती.