बापाच्या हातचं रुखवत

माझ्या मुलाला धड खोटं बोलता येत नाही, याची मला लाज वाटते. साठीला टेकलेला माणूस, सरकारी नोकरीत केस पांढरे केले. संध्याकाळी उशिरा घरी येतो, मफलर काढतो आणि म्हणतो, "आई, आज ऑफिसात फार काम होतं गं." आणि स्वेटरवर, अगदी छातीशी, लाल टिकली चमकत असते! साधी नाही, आरशाची. सरकारच्या कुठल्या फायलीला टिकल्या लावतात ते मला तरी ठाऊक नाही.

बरं, घरात लग्न. त्याच्या एकुलत्या एक मुलीचं, संपदाचं. दिल्लीच्या सरोजिनी नगरातलं आमचं सरकारी क्वार्टर ते केवढं! पलंगाखाली साड्यांचे खोके, पलंगावर आहेराची भांडी, आणि मधल्या चिंचोळ्या वाटेत सूर्यकांत, एका कानाला फोन लावून. हॉलवाला झाला की केटरर, केटरर झाला की गुरुजी. सकाळचा मुहूर्त म्हटल्यावर त्याच्या ऑफिसातली मंडळी हसायची. "सुबह सुबह कौन शादी करता है, साहब? हम तो रात को ही आएँगे!" केटररला वरण-भात सांगितला, तर तो विचारतो, "अंकलजी, पनीर नहीं? शादी है कि व्रत?" हे सगळं माझा मुलगा शांतपणे ऐकून घ्यायचा. रागावणं त्याच्या रक्तातच नाही. बापावर गेलाय.

माझी सून गेली तेव्हा संपदा शाळेत होती. तेव्हापासून तिची वेणी, डबा, ताप, परीक्षा, सगळं यानंच केलं. म्हणून रुखवताचा प्रश्न निघाला तेव्हाही हाच पुढे झाला.

"आजी, रुखवत म्हणजे ते डेकोरेशनवालं टेबल ना?" संपदा म्हणाली. "ऑनलाइन मिळतं, यार."

"यार कोणाला म्हणतेस गं? विकतचं रुखवत मांडायचं तर माझे डोळे मिटल्यावर मांडा. विहीणबाईंना कळू दे, पोर कुठल्या घरातून आली ते."

"पण करणार कोण? तुला तर सुईसुद्धा दिसत नाही."

मोतीबिंदू काढायचं लग्नानंतर ठरलं होतं. तेवढ्यात पेपरामागून आवाज आला, "मी करतो."

आम्ही दोघी पोट धरून हसलो. तो मात्र दुसऱ्याच दिवशी पिशवीत नारळ घालून मला घेऊन बाजारात निघाला.

तुम्हा पोरींना वाटतं, प्रेम व्हायला पाऊस लागतो, कॉफी लागते. मी सांगते — ते गोटा-किनारीच्या दुकानात, थंडीत, शेजारी बाकावर आई बसलेली असतानाही होतं.

दुकानदार गोटा, म्हणजे सोनेरी जरीची पट्टी, उलगडत होता आणि हा नारळाभोवती गुंडाळत होता. गुंडाळतोय... गुंडाळतोय... नारळ दिसेनासा झाला. तेवढ्यात मागून कोणी तरी स्वच्छ मराठीत म्हणालं, "नारळ सजवताय की ट्रक?"

सूर्यकांत वळला. पन्नाशीची बाई. केस रंगवलेले नाहीत, निळं कार्डिगन, खांद्याला ही मोठी पर्स.

"तुम्ही... मराठी?"

"नाही, पंजाबी. चिडले की मराठीत बोलते."

तो हसला. मी बाकावरून मान वर केली. हे हसणं मी किती तरी वर्षांत ऐकलं नव्हतं. घरात हसतो तो. पण ते आम्हाला बरं वाटावं म्हणून. हे आपसूक आलं होतं.

"मुलीचं रुखवत आहे," तो म्हणाला.

"आणि घरातल्या बायका?"

"घरातली बाई मी," मी म्हटलं. "डोळे गेलेत. जीभ शाबूत आहे."

"कळलं ते," ती म्हणाली.

उर्मट! आवडली असं मी म्हणणार नाही. लक्षात राहिली.

तिनं त्याच्या हातातून नारळ घेतला, सगळा गोटा सोडला, दोनच वेढे दिले, खाली झालर काढली. नारळ नवरीसारखा दिसायला लागला. तिनं तो परत दिला तेव्हा गोट्यात दोघांची बोटं अडकली... सोडवायला बराच वेळ लागला. दोन वेढे सोडवायला एवढा वेळ लागत नाही, हे मला डोळे नसतानाही कळतं.

नाव अलका. इस्पितळात सिस्टर. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, मुनिरकाला राहते — एवढं सगळं तिनं गोटा कापून होईपर्यंत सांगून टाकलं. "रविवारी या," म्हणाली. "नारळ आणा, सुपाऱ्या आणा. शिकवते. काकूंनाही आणा."

नारळ गेले, सुपाऱ्या गेल्या. काकूंना कोणी नेलं नाही.

रविवारचं हळूहळू रोजचं झालं. कपाटातला चांगला मफलर बाहेर निघाला. आंघोळ करताना गुणगुणणं सुरू झालं. आणि ही टिकली! शेवटी मी संपदाला पकडलं.

"तुझा बाप कुठे जातो गं?"

ती गालात हसली. "आजी, मला कधीचं माहितीये. जाऊ दे ना. बाबा खूश आहेत."

"मला न्यायचं तिथे. आज."

"आज माझं फेशियल आहे!"

"तोंड उद्याही असेल. चल."

रिक्षातून उतरून, एकमेकांना खेटलेल्या इमारतींमधून, जिना चढून आम्ही दोघी अलकाच्या दाराशी पोचलो. डिंकाचा वास जायला दार अर्धं उघडं ठेवलेलं. मी आत हाक मारणार, तेवढ्यात तिचा आवाज आला.

"पाय वर घ्या. सुपारीच्या नवरीला तुडवाल."

"सुपारीचा नवरा कुठेय?"

"तुमच्याच हातात. केव्हापासून त्याला फेटा बांधताय. बिचाऱ्याचं लग्न टळेल अशानं."

हसले दोघं. मग जरा वेळ नुसता कात्रीचा आवाज. संपदानं माझा हात दाबला.

"हे रुखवत झालं की..." अलका म्हणाली आणि थांबली. "पुढच्या महिन्यात रिटायर ना तुम्ही?"

"हो. क्वार्टर सोडावं लागेल. पुण्याला फ्लॅट घेऊन ठेवलाय. आईला तिकडेच जायचंय. दिल्लीत तिचं मन कधी रमलंच नाही."

"आणि तुमचं?"

"माझं काय..."

"तुमचं काय, तेच विचारतेय मी."

कात्री थांबली. मी दारात उभी. चौकट घट्ट धरली, जसं काही मलाच कोणी विचारलं होतं.

"आईला नाही चालणार, अलका," तो हळूच म्हणाला. "या वयात... लोक काय म्हणतील, तिला काय वाटेल... तिला सोडून मी इथे राहू शकत नाही."

"विचारलंत त्यांना?"

"नाही."

"सुईत दोरा ओवायला तुम्ही चष्मा लावता. तोंड उघडायला काय लावू?"

मला राग आला. तिचा नाही — याचा! चालणार नाही, वाटेल, म्हणतील... माझ्या नावावर एवढं सगळं बोलून मोकळा झाला आणि मला पत्ता नाही! मी दार ढकललं. सूर्यकांतच्या हातातून सुपारीचा नवरा पडला आणि गडगडत माझ्या पायाशी आला.

"आई! ऑफिसातून येता येता जरा..."

"बोलू नकोस. जमत नाही तुला."

अलका उठली. गडबडली नाही, पदर सारखा केला नाही, नुसती खुर्ची पुढे केली. "बसा काकू. चहा ठेवते. जिना फार उंच आहे आमचा."

मी चहा प्यायले. रुखवत एकेक करून डोळ्यांजवळ धरून बघितलं. नारळ, सुपाऱ्यांची वरात, लोकरीची तुळस, कापडाचे विडे. एका विड्याची शिवण वाकडी.

"ही कोणाची?"

"त्यांची," अलका म्हणाली.

"वाटलंच. उसवा. परत घाला."

"मी सांगितलं होतं उसवायला. म्हणाले, राहू दे, बापाची खूण राहील."

मी विडा खाली ठेवला. उसवा असं परत म्हटलं नाही.

घरी येताना रिक्षात तो अवघडून बसला होता. मी वाट बघत होते. आता बोलेल, सिग्नलला बोलेल, वळणावर बोलेल... तो रिक्षावाल्याशी थंडीबद्दल बोलला. मीही ठरवलं, याच्या तोंडात मी शब्द घालणार नाही. लहानपणी घास भरवले तेवढे पुरे.

लग्नाच्या दिवशी सकाळी धुकं होतं, मग कोवळं ऊन पडलं. पुण्याहून माझा धाकटा विश्वनाथ आला होता. कन्यादानाला तो आणि त्याची बायको बसले. सूर्यकांत डोक्याला फेटा बांधून हॉलभर पळत होता. अक्षता वाटा, गुरुजींना दूध द्या, यतीनच्या — म्हणजे नवरदेवाच्या — मानेसरहून आलेल्या मित्रांना चहा द्या. अलका आली ती हिरव्या साडीत. एका बाजूला, रुखवताच्या टेबलाशी उभी राहिली.

विहीणबाई, वीणाताई, रुखवत बघायला आल्या. पुढून बघितलं, मागून बघितलं. "अगं बाई, दिल्लीत हे असं? कोणी केलं हो?"

सूर्यकांतनं अलकाकडे बघितलं. मग विश्वनाथकडे. मग माझ्याकडे.

"घरीच... आम्ही घरच्यांनीच केलं."

अलका हसली. ओठ हसले, एवढंच. नारळाची झालर बोटानं सरळ केली आणि तिथून बाजूला झाली.

त्या बाईनं रात्रपाळ्या करून आमच्या पोरीचं टेबल सजवलं आणि ह्यानं तिला चार माणसांत नाव दिलं नाही. मनात म्हटलं, ही आता परत यायची नाही. मी असते तर नसते आले.

पाठवणीच्या वेळी संपदा बापाच्या गळ्यात पडून खूप रडली. मग डोळे पुसून त्याचा फेटा नीट केला आणि म्हणाली, "बाबा, माझं सगळं झालं आता. तुम्ही स्वतःचं बघा ना, प्लीज." आणि सरळ जाऊन अलकाला मिठी मारली, सगळ्यांसमोर. पोरीला मराठी शब्द सापडत नाहीत, पण धीर आजीचा आलाय.

गाड्या गेल्या. बाहेर हिरवळीवर ऊन होतं. मंडपवाले खुर्च्या एकात एक घालत होते. मी एका खुर्चीवर, विश्वनाथ माझ्या शेजारी. अलका साडीवर कोट चढवून आली, माझ्या पाया पडली. सूर्यकांत समोर उभा.

"निघते. ड्यूटी आहे."

"रिक्षा बघू?"

"रिक्षा मला पकडता येते."

"नाही, म्हणजे... धुकं पडेल..."

"दुपारचे तीन वाजलेत, सूर्यकांत."

पहिल्यांदा तिनं माझ्यासमोर त्याला नावानं हाक मारली. आणि वळली. भरभर नाही, सावकाश चालली होती... इतकी सावकाश की एखाद्याला बोलायचं असतं तर दोनदा बोलून झालं असतं. हा उभा. गेट जवळ आलं. हा उभाच.

आणि मग माझा मुलगा पळाला. खरंच पळाला! फेटा सुटला, त्याचं टोक मागे गवतावरून फरफटत, आणि तो ओरडला, "अलका!" मंडपवाल्यांनी खुर्च्या हातातच धरून ठेवल्या.

ती थांबली.

"पुण्याला..." तो धापा टाकत म्हणाला. "पुण्याला फ्लॅट आहे माझा. दोन खोल्यांचा. हवा चांगली आहे. पाणी दोन वेळा येतं..."

"मला विकताय का?"

"नाही! मला... मला तिथे जायचंच नाही. तू नसशील तिथे मला... करमणार नाही. रुखवत तू केलंस. मघाशी सांगायला हवं होतं. घाबरलो. घरच्यांनी केलं म्हणालो, ते... ते खोटं नव्हतं, अलका. मला तसंच वाटतं."

तिनं गवतावरचं फेट्याचं टोक उचललं, झटकलं आणि त्याच्या खांद्यावर टाकलं. हात तिथेच राहिला.

"मग नका जाऊ," ती म्हणाली. एवढ्या तिखट बाईचा आवाज असा मऊ होईल असं मला वाटलं नव्हतं.

सगळं किती छान चाललं होतं! आणि माझ्या गाढवानं मान वळवली. तिचा हात खांद्यावर असताना लांबून माझ्याकडे बघितलं, शाळेच्या पोरानं बाईंकडे बघावं तसं.

"पण आई..."

मग मात्र मी उठले. विश्वनाथ हात द्यायला आला, त्याला म्हटलं, बस. एकटी चालत गेटपर्यंत गेले.

"माझ्याकडे काय बघतोस? पुण्याला मला जायचंय, आणि मी जाणार आहे. विश्वनाथबरोबर, त्याच्या घरी, परवाच्या गाडीनं. तुला ये म्हणून मी कधी सांगितलं? तू माझा मुलगा आहेस, सामान नाहीस बरोबर न्यायला. भित्रा आहेस, सूर्यकांत. पहिल्यापासून भित्रा, आणि दर वेळी लपायला तुला आईचा पदर लागतो. तर ऐक. पदर माझा आहे, आणि तो मी पुण्याला घेऊन चाललेय."